तांत्रिक पुस्तिकेतील आकृती आणि फाइल-रूपांतरण

यंत्राची वापरपुस्तिका, सुट्या भागांची यादी किंवा अभियांत्रिकीचा प्रबंध छपाईसाठी सिद्ध करताना आरेखने, छायाचित्रे व पडद्याची चित्रे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची आणि शेवटी त्यांची पीडीएफ करण्याची पद्धत. सांगली जिल्ह्यात हे काम नवे नाही. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० पासून कारखान्याचे नियतकालिक निघू लागले. आज कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत पंप, शेतीअवजारे किंवा ओतीव भाग करणाऱ्याला मराठी-इंग्रजी पुस्तिका लागते, आणि माल सीमेपलीकडे जाणार असेल तर कन्नडही. प्रबंधांचे काम सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या (स्थापना १९४७) संस्थांमुळे येते.

आकृतीचा प्रवास साधारण ठरलेला असतो. ड्राफ्ट्समन ती ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो, डीटीपी ऑपरेटर (संगणकावर पाने लावणारा) ती कोरलड्रॉ, पेजमेकर किंवा इनडिझाइनमध्ये लावतो, आणि ऑफसेटवाला (छापखानदार) पीडीएफवरून छपाईची प्लेट काढतो. प्रत्येक हात बदलताना एक रूपांतर होते. बिघाड बहुतेक वेळा तिथेच होतो, पण दिसतो मात्र छपाईनंतर.

रेषा आणि ठिपके : आरेखनात रेषा ही रेषा म्हणूनच साठवलेली असते, छायाचित्र ठिपक्यांचे बनलेले असते. रेषेचे ठिपके करणे क्षणाचे काम आहे, उलटा प्रवास मात्र नीट होत नाही. ट्रेस केलेल्या चित्रात एका रेषेच्या जागी तिच्या दोन्ही कडा येतात, वर्तुळ वेडेवाकडे होते आणि अंक वितळतात. म्हणून डीडब्ल्यूजी व डीएक्सएफ (ऑटोकॅडच्या फाइली), सीडीआर (कोरलची), एसव्हीजी किंवा पीडीएफ यांतली रेषा प्लेटपर्यंत रेषाच राहिली पाहिजे. आरेखनाचा स्क्रीनशॉट किंवा मोबाइलवर काढलेला फोटो पुस्तिकेत लावणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

जेपीईजी पद्धत चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करून माहिती गाळते. छायाचित्रात ते खपते; काळ्या रेषेभोवती मात्र राखाडी धूळ उमटते, आणि फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह केली की ती वाढत जाते. पडद्याच्या चित्रासाठी पीएनजी वापरावी, कारण तिच्यात काही गळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होऊन, पुन्हा दाबले जाऊन पोहोचते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जसेच्या तसे येते.

ठिपक्यांचा हिशेब सोपा आहे : सेंटिमीटरमधली रुंदी भागिले २.५४ (म्हणजे इंच), गुणिले ३०० (छायाचित्राला इंचाला इतके ठिपके धरतात). आठ सेंटिमीटर रुंद छायाचित्राला सुमारे ९४५ ठिपके लागतात. १९२० ठिपके रुंदीचा स्क्रीनशॉट १६ सेंटिमीटरमध्ये बसवला तर इंचाला ३०५ ठिपके पडतात, म्हणजे काही करायची गरज नाही. १३६६ रुंदीचा असेल तर २१७ पडतात; तोही चालतो. फोटोशॉपमध्ये ठिपके वाढवून ३०० ‘करून घेतलेला’ स्क्रीनशॉट मूळापेक्षा धूसर दिसतो, कारण त्यात नवे काही आलेले नसते.

कॅडमधून पानावर : ए१ कागदाची आकृती ए५ पुस्तिकेत घातली की ती चौथाईवर येते. मूळची ३.५ मिलिमीटर उंचीची अक्षरे ०.९ मिलिमीटरचीही राहत नाहीत, ती वाचता येत नाहीत. ०.२५ मिलिमीटरची रेषा ०.०६ वर येते. ऑफसेटवर पाव पॉइंटपेक्षा (सुमारे ०.०९ मिलिमीटर) बारीक रेषा तुटक उमटते. लेझर प्रिंटरवर ती ठळक दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. कोरलमधली ‘हेअरलाइन’ याच कारणाने टाळावी आणि जाडी आकडा टाकून द्यावी. कारखान्याचे आरेखन पुस्तिकेत तसेच्या तसे घालू नये. मापांचा लेयर (थर) बंद करावा, हॅच (छेद दाखवणाऱ्या तिरप्या रेषा) विरळ करावा आणि गुंतागुंतीच्या जोडणीचे दोन-तीन तुकडे करून मोठे दाखवावेत.

ऑटोकॅडमधून पीडीएफ प्लॉट करताना क्षेत्र ‘विंडो’ ठेवावे, नाहीतर आकृतीभोवती अख्ख्या कागदाचा पांढरा भाग सोबत येतो आणि पानावर ती टिकलीएवढी दिसते. डीएक्सएफ थेट कोरलमध्ये उघडता येते, पण इंच-मिलिमीटरची गल्लत झाली तर आकृती २५.४ पट मोठी किंवा लहान येते, आणि हॅचच्या हजारो सुट्या रेषा होतात. पीडीएफचा रस्ता जास्त भरवशाचा.

ईपीएस : जुन्या कामात याच फाइली भेटतात; त्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत लिहिलेल्या असतात. आकृतीची चौकट त्यात ‘बाउंडिंग बॉक्स’ म्हणून लिहिलेली असते, एकक इंचाचा ७२वा भाग. पानावर दिसते ती फक्त जाडीभरडी झलक. पोस्टस्क्रिप्ट न समजणारा प्रिंटर तीच छापतो आणि ‘चित्र फुटले’ अशी तक्रार येते. पारदर्शक रंग ईपीएसमध्ये टिकत नाहीत. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून २०१७ मध्ये ऑफिसमध्ये ईपीएस घालणे बंद केले, तर अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या सॉफ्टवेअरमधून टाइप १ या जुन्या पोस्टस्क्रिप्ट फॉन्टचा आधार काढला. जुना साठा घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने पीडीएफ करून ठेवणे हाच शहाणपणा. प्रबंध ज्यात लिहितात त्या लाटेकचा पीडीएफलाटेक हा प्रकार ईपीएस थेट घेत नाही; त्याला पीडीएफ, पीएनजी किंवा जेपीईजी लागते. प्रबंधात देवनागरी असेल तर झीलाटेक किंवा लुआलाटेक हे प्रकार वापरावे लागतात.

मराठी अक्षरे : या भागातल्या सर्वाधिक खोळंब्याचे कारण हेच आहे. श्रीलिपी, आयएसएम, ‘आकृती’ या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ‘पंप’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरे येतात; ऑपरेटर याला ‘फॉन्ट उडाला’ म्हणतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची. तिला युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) कळत नाही, म्हणून जुने फॉन्ट अजून सुटलेले नाहीत. कन्व्हर्टरने युनिकोड केल्यावर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी हाताने तपासावी. जुन्या फॉन्टात वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते; कन्व्हर्टर इथेच घसरतो.

छापखान्याला ‘कर्व्ह करून’ फाइल देण्याची रीत म्हणूनच पडली. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबले की अक्षरांच्या आकृत्या होतात आणि फॉन्टची गरज संपते. पण त्यानंतर स्पेलिंगही सुधारता येत नाही आणि पीडीएफमध्ये शोधही लागत नाही. कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवलीच पाहिजे.

त्याहून चांगला उपाय म्हणजे आकृतीत शब्दच न ठेवणे. भागांवर फक्त वर्तुळातले क्रमांक द्यावेत आणि ‘१ इम्पेलर, २ ग्लँड, ३ शाफ्ट’ ही यादी आकृतीखाली मजकुरात टाकावी. मग एकच आकृती मराठी, इंग्रजी आणि कन्नड पुस्तिकेला चालते. अनुवादकाला आरेखनाला हात लावावा लागत नाही. ऑटोकॅडच्या नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टांत देवनागरी नसते, ती अडचणही मग उरत नाही.

जोडणी : शेकडो पानांच्या पुस्तिकेसाठी वापरल्या जाणाऱ्या फ्रेममेकरमध्ये चित्र दस्तऐवजात कॉपी करता येते किंवा संदर्भाने जोडता येते. संदर्भाने जोडणेच योग्य : फाइल हलकी राहते आणि सुधारित आरेखन त्याच नावाने ठेवले की पुस्तिकेत बदलते. मात्र फोल्डर हलवला की जोडणी तुटते आणि चित्राच्या जागी राखाडी चौकट दिसते. प्रकरणे आणि आकृत्या एकाच मुख्य फोल्डरमध्ये ठेवून तो पूर्ण फोल्डरच पुढे द्यावा. फाइलींची नावे लहान रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेशिवाय द्यावीत. चित्र वर्डमधून क्लिपबोर्डने चिकटवू नये. ते कोणत्या रूपात आले हे नंतर सांगता येत नाही.

रंग आणि अंतिम पीडीएफ : आरजीबीमधला (पडद्याच्या रंगपद्धतीतला) काळा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंत) नेला की तो चार शाईंचा होतो. प्लेट केसभर सरकली तरी बारीक रेषेला रंगीत झालर येते. रेषा आणि मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के ठेवावा. अडोबीच्या ‘स्मॉलेस्ट फाइल साइज’ या पर्यायात रंगीत चित्रे इंचाला १०० ठिपक्यांवर उतरतात. तो ईमेलपुरता आहे, छपाईला ‘प्रेस क्वालिटी’ निवडावा. स्क्रीनशॉट असलेल्या पुस्तिकेत चित्रांचा दाब (कॉम्प्रेशन) जेपीईजीऐवजी झिप ठेवावा. छापखाना जुना असेल तर पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईचा पीडीएफ प्रकार मागतो, ज्यात पारदर्शकता चालत नाही.

प्लेटला देण्याआधी ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये प्रत्येक फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉन्ट फाइलीतच आहे) लिहिले आहे का पाहावे आणि आकृती ४०० टक्के मोठी करून रेषांच्या कडा तपासाव्यात. कडा पायऱ्यांसारख्या दिसल्या तर वाटेत कुठेतरी रेषेचे ठिपके झाले आहेत. मग पीडीएफ दुरुस्त करत न बसता मागे जाऊन ड्राफ्ट्समनकडून मूळ डीडब्ल्यूजी मागवावी.