पूल : खेळशैलीतील स्थित्यंतरे

सहा पॉकेटांच्या (चेंडू पडण्याच्या छिद्रांच्या) टेबलावर खेळल्या जाणाऱ्या पूल या खेळाची शैली मुख्यतः नियमांतील फेरफारांमुळे बदलत गेली. खेळाडूंच्या वैयक्तिक आवडीनिवडींचा वाटा त्या मानाने कमी आहे.

अमेरिकेत १९१२ पासून अनेक दशके जागतिक विजेतेपद ‘स्ट्रेट पूल’ या प्रकारात ठरत असे. त्यात कोणताही चेंडू आधी जाहीर करून पॉकेटमध्ये घालता येतो. चौदा चेंडू संपले की ते पुन्हा रचले जातात आणि पंधरावा घालता घालताच पांढऱ्या (म्हणजे काठीने मारायच्या) चेंडूने नवी रचना फोडावी लागते. त्यामुळे विली मॉस्कोनी यांच्यासारखे खेळाडू पांढरा चेंडू शक्य तितका कमी फिरवत आणि अखेरीस कोणता चेंडू राखायचा हे बरेच आधी ठरवत. १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय सामन्यात मॉस्कोनी यांनी सलग ५२६ चेंडू घातले.

नंतर एक ते नऊ अंकांच्या चेंडूंनी खेळला जाणारा ‘नाइन-बॉल’ हा प्रकार पुढे आला. त्यात सर्वांत लहान अंकाच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागत असल्याने पांढरा चेंडू टेबलभर फिरवणे अपरिहार्य झाले. जुन्या नियमानुसार मारायचा चेंडू दुसऱ्या चेंडूआड गेल्यास खेळाडू पांढरा चेंडू सोयीच्या जागी ढकलून देई आणि तेथून कोणी खेळायचे हे प्रतिस्पर्धी ठरवी. साहजिकच अडवणुकीत फारसा लाभ नव्हता आणि लांबचे अवघड फटके मारणाऱ्याची सरशी होई. १९८० च्या दशकात ही मुभा ब्रेकनंतरच्या (रचना फोडणाऱ्या सुरुवातीच्या फटक्यानंतरच्या) पहिल्या फटक्यापुरती उरली आणि एका फाउलवर (नियमभंगावर) प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हवा तेथे ठेवण्याची सवलत मिळू लागली. येथूनच सेफ्टी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका मिळू न देणारा बचावात्मक फटका, हे सामना जिंकून देणारे शस्त्र ठरले.

त्यावरील उतारा फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांच्याइतका प्रभावीपणे क्वचितच कोणी दाखवला असेल. पॉकेट नसलेल्या टेबलावरील कॅरम बिलियर्ड्सचा सराव असल्याने, पांढरा चेंडू दोन-तीन कुशनांवर (टेबलाच्या कडांवर) आदळवून आड दडलेल्या चेंडूपर्यंत नेणे त्यांना सहज जमे, आणि अनेकदा त्याच फटक्यात ते प्रतिस्पर्ध्यालाही अडचणीत टाकत. कार्डिफ येथे १९९९ मध्ये ते नाइन-बॉलचे जगज्जेते झाले. बचावाला असे देखणे रूप देणारा खेळाडू विरळाच.

ब्रेकची शैलीही बदलली, पण येथे खेळाडूच्या युक्तीमुळे नियम बदलले. पूर्वी पूर्ण ताकदीचा ब्रेक उत्तम समजला जाई. कोरी ड्यूएल यांनी मात्र २००१ ची नाइन-बॉलची यूएस ओपन स्पर्धा हलक्या, मोजूनमापून मारलेल्या ब्रेकच्या बळावर जिंकली. अशा ब्रेकला आळा घालण्यासाठी पुढे काही स्पर्धांनी चेंडूंच्या रचनेचे व ब्रेकचे नियम बदलले.