लाकडी रंधा घरी बनवताना: पात्यासोबतचे माहितीपत्रक

आमच्याकडून पाते नेणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा लाकडाचा असतो. लाकूड कठीण, घट्ट आणि सरळ रेषांचे हवे. बीच, मेपल, शिसम, काहीही चालते. जातीपेक्षा ते नीट वाळलेले असणे महत्त्वाचे. ठोकळा आणल्या आणल्या कापू नका. जिथे काम करणार त्याच खोलीत काही आठवडे राहू द्या. ओलसर लाकडाचा रंधा पुढे पिळवटतो, मग पाते कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

अखंड ठोकळ्यात पटाशीने खाच कोरण्याची जुनी रीत देखणी आहे, पण पहिल्या रंध्यासाठी आम्ही ती सुचवत नाही. ठोकळ्याच्या दोन्ही अंगांनी साधारण १० मिमी जाडीचे गाल कापून घ्या. मधला गाभा पात्यापेक्षा दीड मिमी रुंद ठेवा, म्हणजे पाते डावी-उजवीकडे सरकवून सरळ करता येते. मग गाभ्याचे दोन तुकडे करा: मागच्याला ४५ अंशांचा उतार, ज्यावर पाते टेकते, पुढच्याला साधारण ६० अंशांचा, छिलका वर निघून जाण्यासाठी.

मागच्या उतारावर वेळ घालवा. पाते त्यावर ठेवून उजेडासमोर धरा. तोंडापाशी (तळातली चीर, जिथून पात्याची धार बाहेर येते), अगदी खालच्या टोकाला फट दिसली तर ती पटाशीने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे टेकू नसेल तर पाते थरथरते आणि लाकडावर बारीक लाटा उमटतात.

पाते उतारावर दाबून धरणारी पाचर अडवायला लागणारी आडवी दांडी गालांच्या भोकांत मोकळी फिरली पाहिजे. तिची सपाट बाजू पाचरीकडे. गाल आणि गाभ्याचे तुकडे पुन्हा चिकटवण्याआधीच ती बसवा, नंतर आत जात नाही. चिकटवताना तुकडे घसरतात, म्हणून दोन्ही टोकांना खुंट्या घालून जागा आधीच पक्की करून ठेवा.

आता तोंड. आमच्या मते रंधा चांगला की वाईट हे इथेच ठरते. चिकटवताना तोंड जवळजवळ बंदच ठेवा, कारण तळ घासत गेलात की ते आपोआप उघडते. दोन्ही उतार वर जाताना एकमेकांपासून लांब होतात, त्यामुळे तळाचे १ मिमी लाकूड गेले की तोंड दीड मिमीहून जास्त रुंदावते. सफाईच्या रंध्याला अर्धा मिमी पुरे. शेवटचा फरक कानशीने काढा.

तळ घासायला सपाट काचेवर काचपेपर चिकटवा. पाते आणि पाचर कामात असते तितकीच घट्ट बसलेली हवी, फक्त धार तळापासून दोनेक मिमी आत ठेवा. पाचरीच्या ताणाने ठोकळा किंचित वाकतो. ताण न देता सपाट केलेला तळ पाचर ठोकताच बदलतो. तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारून घासा. दोन्ही टोकांच्या आणि तोंडाच्या लगेच पुढच्या रेघा एकदमच पुसल्या गेल्या की थांबा.

पाते पुढे सरकवायला त्याच्या वरच्या टोकावर हलकी टकटक पुरते. मागे घ्यायला ठोकळ्याच्या मागच्या टोकावर ठोका, पाचरही त्यानेच सैल होते. दर ठोक्यानंतर पाचर दाबून पाहा.

वरून जवसाचे तेल लावल्यास तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपसूक पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

छिलका तोंडात अडकत असेल तर पाचरीची खालची टोके आधी तपासा. ती गालांकडे निमुळती नसली की छिलका तिथेच गोळा होतो. तरीही जमले नाही तर तोंड मोठे करण्याआधी रंधा आम्हाला दाखवा. वाढवलेले तोंड पुन्हा लहान करायचे तर तळात नवीन तुकडा बसवावा लागतो.