काचेची नळी आणि वीस मिनिटं

भात कापून झालं की कोकणात सड्यावरचं गवत कापायला माणसं निघतात. जांभ्याच्या सांध्यांत, चिऱ्यांच्या ढिगाखाली, गवताच्या पेंढीत फुरसं हा विषारी साप दबून बसलेला असतो. हातभराहून आखूड, मातकट रंगाचं. ते बोटाला चावतं, थोडी सूज येते, आणि माणूस बोलतचालत प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. तातडीच्या उपचारांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या रुग्णाची. तो बरा दिसतो म्हणून त्याला घरी सोडलं जाऊ शकतं.

फुरशाचं विष रक्तातलं प्रोथ्रॉम्बिन चेतवतं. रक्त गोठवणारी यंत्रणा विनाकारण सुरू होते आणि गुठळी बांधणारं फायब्रिनोजेन खर्ची पडत जातं. काही तासांत साठा संपला की हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचल्या जागेतून रक्त थांबत नाही. रक्तस्राव मेंदूत झाला तर जीव वाचवणं फार कठीण होतं.

हे आधी कळावं यासाठी एक साधी तपासणी आहे. शिरेतलं सुमारे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदा कलंडवून पाहायची. रक्त पातळच राहिलं असेल तर विष चढलंय, सापाच्या विषावरची लस हवी. यासाठी ना वीज लागते ना यंत्र, त्यामुळे खेड्यातल्या केंद्रात तिचं मोल फार मोठं. पण नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शानेच रक्त गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही गोठायचं राहू शकतं, आणि मग गरज नसताना लस दिली जाते.

उलट बाजूची चूक अधिक जीवघेणी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा रक्ताचा बिघाड ओळखण्यात ही तपासणी सुमारे ८४ टक्के वेळा यशस्वी ठरली. म्हणजे साधारण सहांतला एक रुग्ण तिच्यातून निसटतो. म्हणून पहिल्या नळीत रक्त गोठलं तरी तपासणी पुन्हा पुन्हा करायची आणि रुग्णाला २४ तास नजरेखाली ठेवायचं. दारात रिक्षा थांबवून ठेवलेल्या नातेवाइकांना हे पटवणं अवघड असतं, पण पटवायलाच हवं.

लसही जपूनच द्यावी लागते. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ती बनवतात, त्यामुळे काहींना तीव्र ॲलर्जी होते: अंगावर पित्त उठतं, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. श्रीलंकेत १००७ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भारतात बनलेलीच लस वापरली होती. लसीआधी त्वचेखाली ॲड्रेनालिनची छोटी मात्रा दिल्यावर पहिल्या तासातल्या तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी घटल्या. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन या नेहमीच्या औषधांचा मात्र तसा उपयोग दिसला नाही. तेव्हा लस सुरू करताना ॲड्रेनालिन भरलेली सिरिंज उशाशी तयार हवी; कपाटाच्या किल्ल्या शोधायला तेव्हा वेळ नसतो.

लस दिल्यावर पुढची नळी ६ तासांनी. यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा बनवायला तेवढा वेळ लागतो. आधीच घाई केली तर रक्त पातळच दिसतं आणि आणखी लस उगाच टोचली जाते. पुरेशी लस देऊनही रक्त गोठेना, तर साप वेगळा असण्याची शंका घ्यायला हवी. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्ध बनते. आंबोलीसारख्या घाटभागात सापडणाऱ्या चापडा या सापावर ती बनलेली नाही.

मण्यारीबाबत तर ही नळी काहीच सांगत नाही. तिचं विष मज्जातंतूंवर जातं, रक्त नीट गोठतं. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, अंगावर खूण सापडत नाही, आणि ॲसिडिटीची गोळी देऊन त्याला परत पाठवलं जाऊ शकतं. अशा वेळी पापण्या पाहाव्यात. त्या जड होऊन मिटत असतील, गिळायला त्रास होत असेल, तर तो रुग्ण श्वास देण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच जायला हवा, आणि वाटेतही श्वासाचा फुगा दाबणारं कुणीतरी सोबत असायला हवं.