कौटुंबिक हिंसाचाराच्या कॉलवरील पोलिसांच्या कामाची देखरेख (महाराष्ट्र)

घरात मारहाण सुरू असल्याचा फोन आल्यावर दारात सर्वांत आधी पोहोचणाऱ्या पोलिसांनी तिथे नेमके काय केले, हे वरिष्ठांनी तपासण्याचे काम. महाराष्ट्रात असा फोन बहुधा ११२ वर येतो, जवळच्या गाडीकडे किंवा बीट मार्शलकडे (ठरलेल्या भागात गस्त घालणाऱ्या पोलिसाकडे) जातो आणि शेवटी एक शेरा लिहून बंद होतो. देखरेखीची सुरुवात या शेऱ्यापासूनच व्हायला हवी.

‘समज दिली’, ‘आपसांत मिटले’, ‘तक्रार नाही’ हे नेहमीचे शेरे. दार नवरा उघडतो; बायको त्याच्यामागे उभी, पदराने मनगट झाकलेले. उंबऱ्यावरूनच प्रश्न येतो, ‘काही तक्रार आहे का, ताई?’ नवऱ्यादेखत ती काय सांगणार? कागदावर मात्र ‘तक्रार नाही’ हे तिचेच म्हणणे ठरते. म्हणून वरिष्ठ निरीक्षकाने विचारायला हवे: तिच्याशी बाजूला घेऊन कोण बोलले? अंगावरच्या जखमा पाहिल्या का? मुले कुठे होती? याच घरातून पूर्वी किती फोन आले? यातला पहिला प्रश्न कायद्याच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ चा (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतले ४९८अ; नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ) गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवून तपासता येईल असा, ठरायला सर्वसाधारणपणे ती स्वतः किंवा तिचे नातेवाईक यांनीच माहिती द्यावी लागते. नुसत्या शेजाऱ्याच्या फोनने भागत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) याच्या कलम ५ नुसार संरक्षण आदेश, संरक्षण अधिकारी (अशा महिलांच्या मदतीसाठी याच कायद्याखाली नेमलेला अधिकारी), मोफत कायदेशीर मदत आणि फौजदारी तक्रारीचा हक्क यांची माहिती तिला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ‘समज दिली’ या शेऱ्यात बहुतेक वेळा नवऱ्याला दिलेली तंबी असते, तिला दिलेली माहिती नसते.

साधी मारहाण ‘एनसी’त, म्हणजे अदखलपात्र नोंदीत जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे अशा नोंदींचा दैनिक डायरी अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. एकाच बाईच्या तीन-चार एनसी सुट्या पडून राहिल्या, तर दोष ठाण्याच्या प्रमुखाचाही आहे.

उलट दिशेची चूकही तपासावी लागते. अर्नेश कुमार खटल्यात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने ४९८अ खाली सरसकट अटक करू नये, अटकेची कारणे लेखी नोंदवावीत, असे बजावले. मात्र हा निकाल अटकेपुरता आहे. गुन्हा न नोंदवण्यासाठी त्याची ढाल करणे चूकच.

मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्था आणि पोलीस यांनी मिळून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला; पोलिसांच्याच आवारात सामाजिक कार्यकर्त्या बसू लागल्या. असा बाहेरचा डोळा फार उपयोगी पडतो. दुसरी पडताळणी कायद्यातच आहे: संरक्षण अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांना दिलेल्या घटना अहवालाची प्रत संबंधित ठाण्याकडेही येते. ती आणि त्या तारखेची स्टेशन डायरी (ठाण्याची रोजची नोंदवही) शेजारी ठेवून वाचली, की अहवालातला मोडलेला हात डायरीत ‘किरकोळ वाद’ झाला आहे का, हे लगेच दिसते.