पाय मुरगळलाय की घोट्याचं हाड मोडलंय, कसं ओळखायचं?

जिन्यावरून किंवा खड्ड्यात पाय वाकडा पडला की आजूबाजूचे लगेच सांगतात, बोटं हलवून बघ, हलतायत ना, मग फ्रॅक्चर नाहीये. हे साफ चुकीचं आहे. बोटं हलवणारे स्नायू पोटरीत आणि पावलात असतात, घोट्याचं हाड मोडलं तरी ते बोटं हलवतातच. तसंच सुजेचं, नुसत्या लचकीत घोटा टम्म सुजतो आणि बारीक फ्रॅक्चरमध्ये सूज जेमतेम दिसते असंही होतं. काळंनिळं दोन्हीत पडतं, कट् आवाज दोन्हीत येऊ शकतो. म्हणजे आपण ज्या खुणांवर विसंबतो त्यातली एकही खरं तर उपयोगाची नाही.

आता नक्की काय होतं ते बघा. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा तळवा आत वळतो आणि बाहेरच्या घोट्यावर ताण येतो, तिथे हाडाला हाड बांधून ठेवणारी लिगामेंट असतात, ती ताणली किंवा फाटली की झाली लचक, आणि सगळ्यात जास्त वेळा फाटतं ते घोट्याच्या पुढच्या बाजूचं लिगामेंट. म्हणून लचकेत दुखण्याची मुख्य जागा घोट्याच्या टेकाडाच्या थोडी पुढे आणि खाली, मऊ भागात असते. फ्रॅक्चरमध्ये मात्र हाडावरच दाबलं की माणूस ओरडतो.

याच फरकावर कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या टीमने काम केलं आणि १९९२ साली नियम मांडले, ओटावा अँकल रूल्स. तेव्हा मुरगळलेल्या जवळजवळ प्रत्येक पायाचा एक्स-रे काढला जायचा आणि बहुतेकांत फ्रॅक्चर नसायचंच. यांनी ७५० पेशंट तपासून बघितलं की नेमकं कुठे दुखलं तर हाड मोडलेलं निघतं. घोट्याजवळ दुखत असेल तर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही घोट्यांची मागची कड, टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार बोटं, दाबून बघायची. मागचीच का, तर पुढून दाबलं की लिगामेंटही दुखतं आणि काहीच कळत नाही, मागून दाबलं की बोट थेट हाडावर जातं. मला या सगळ्यातली ही गोष्ट सगळ्यात भारी वाटते, एवढी साधी आणि एवढी विचार करून काढलेली! दुखणं पावलाच्या मधल्या भागात असेल तर आणखी दोन जागा, बाहेरच्या कडेला करंगळीच्या लांब हाडाचं मागचं टोक, आणि आतल्या बाजूला घोट्याच्या थोडं पुढे असलेलं नॅव्हिक्युलर हाड. यातल्या एखाद्याही जागी हाडावर दाबून दुखलं तर एक्स-रे. शिवाय चार पावलं चालून बघायची. लंगडत टाकली तरी चालतात, पण पडल्यावर लगेचही जमली नाहीत आणि दवाखान्यातही जमली नाहीत तर एक्स-रे हवाच. यातलं काहीच नसेल तर फ्रॅक्चर असण्याची शक्यता फार कमी, २००३ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा अशा पेशंटपैकी २ टक्क्यांपेक्षाही कमी जणांचं फ्रॅक्चर नजरेतून सुटलेलं निघालं.

करंगळीच्या हाडाकडे मात्र लोक बघतच नाहीत, सगळं लक्ष घोट्यावर. १९०२ साली सर रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जनने या हाडाच्या फ्रॅक्चरवर लेख लिहिला आणि त्यातला एक पाय त्यांचा स्वतःचा होता, नाचताना मोडलेला. त्या भागात रक्तपुरवठा कमी असतो म्हणून जोन्स फ्रॅक्चर जुळायला वेळ घेतं, कधी स्क्रू टाकावा लागतो, त्यामुळे लचक समजून त्यावर चालत राहणं महागात पडतं.

हे नियम सगळ्यांना लावू नका. मूळ अभ्यास मोठ्या माणसांवर झाला होता. डायबेटिसमुळे पायाची संवेदना गेलेली असेल, माणूस दारू प्यायलेला असेल, दुसरीकडे मोठी दुखापत असेल तर दुखतंय की नाही या उत्तरावर भरवसाच ठेवता येत नाही, सरळ एक्स-रे काढा. घोटा वेडावाकडा दिसतोय, हाड बाहेर आलंय, बोटं गार किंवा बधीर पडलीत तर दाबून बघत बसायचंच नाही, लगेच हॉस्पिटल.

आणि एक कळकळीची विनंती, आंबेहळदीचा लेप लावा हवं तर, पण पहिल्या दिवसांत चोळून घेऊ नका आणि लचक उतरवायची म्हणून कोणाला पाय ओढू देऊ नका, आत फ्रॅक्चर असेल तर हाड सरकू शकतं.

उलट फ्रॅक्चर नाही म्हटल्यावर सुटलो असं समजणंही बरोबर नाही. फाटलेलं लिगामेंट नीट सावरलं नाही तर तोच पाय परत परत मुरगळतो. सुरुवातीला घोट्याला आधार, मग दुखणं सोसेल तसं चालणं, आणि नंतर तोल सांभाळायचे व्यायाम, दात घासताना एका पायावर उभं राहणं इतकं साधंही चालतं, फक्त पहिल्यांदा भिंतीला हात टेकून करा. आठवडाभरानेही पायावर भार देता येत नसेल तर पहिला एक्स-रे नॉर्मल असला तरी परत ऑर्थोपेडिककडे जा.