जॉन्सटाउन चीफ्स

जॉन्सटाउन चीफ्स : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या जॉन्सटाउन शहराचा व्यावसायिक आइस हॉकी संघ. जानेवारी १९८८ मध्ये तो उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सुरू झालेल्या ईस्ट कोस्ट हॉकी लीगच्या पाच संस्थापक संघांपैकी एक ठरला. या लीगमध्ये २२ हंगाम खेळल्यावर २०१० मध्ये संघ साउथ कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिलला हलवण्यात आला. विजेतेपद एकदाही मिळाले नाही. खालच्या श्रेणीतला संघ गावात कसा रुजतो आणि गाव त्याच्या पाठीशी असूनही कसा हातचा जातो, हे मात्र या संघाच्या हिशेबात फार स्वच्छ दिसते.

जॉन्सटाउन हे पिट्सबर्गच्या पूर्वेला, ॲलेगेनी डोंगराच्या कुशीत दोन नद्यांच्या संगमावर वसलेले पोलादाचे गाव. १९५० मध्ये तिथे केम्ब्रिया काउंटी वॉर मेमोरियल अरीना हे सुमारे ४,००० आसनांचे बंदिस्त क्रीडागृह उघडले आणि त्याबरोबरच जॉन्सटाउन जेट्स हा संघ आला. जेट्सने ईस्टर्न हॉकी लीगचे विजेतेपद १९६० ते १९६२ असे सलग तीन वर्षे मिळवले. जुलै १९७७ च्या महापुराने गावाबरोबर अरीनातली बर्फ गोठवण्याची यंत्रणाही निकामी केली. रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, थर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचा असतो, पण त्याखालच्या काँक्रीटमध्ये थंड द्रावण फिरवणाऱ्या नळ्यांचे जाळे असते आणि शेजारच्या खोलीत ते द्रावण गार करणारे काँप्रेसर. ते बिघडले की हंगाम बुडालाच. जेट्स त्यातून सावरला नाही. तेव्हा तो संघ ज्या लीगमध्ये खेळत होता, तीही त्याच वर्षी मोडली. १९७८ ते १९८० या काळात विंग्ज नावाने एक प्रयत्न झाला, तो टिकला नाही.

पुराच्या त्याच वर्षी ‘स्लॅप शॉट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला होता. त्याचे बरेचसे चित्रीकरण जॉन्सटाउनमध्ये आणि याच अरीनात झाले. गिरणी बंद पडत चाललेल्या गावातला, मालकाला नकोसा झालेला हॉकी संघ हा त्याचा विषय. नॅन्सी डाउड यांनी पटकथा लिहिली, ती जेट्सकडून खेळलेल्या भावाच्या अनुभवांवरून. पडद्यावरच्या संघाचे नाव होते चार्ल्सटाउन चीफ्स. १९८८ मध्ये नव्या संघाला नाव मिळाले ते इथूनच. चित्रपटात काम केलेले जेट्सचे माजी खेळाडू स्टीव्ह कार्लसन ईस्ट कोस्ट लीगमधील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. या लीगच्या पहिल्याच हंगामात, १९८९ मध्ये, चीफ्सने अंतिम फेरी गाठली आणि कॅरोलायना थंडरबर्ड्सकडून ती सातव्या सामन्यात गमावली. त्यानंतर अंतिम फेरी पुन्हा कधी आली नाही.

ईस्ट कोस्ट हॉकी लीग, म्हणजे ईसीएचएल, ही तिसरी पायरी. सर्वांत वर नॅशनल हॉकी लीग, मधे अमेरिकन हॉकी लीग आणि तिच्याखाली ही. वरच्या संघात कोणी जायबंदी झाला की खालच्या संघातला चांगला खेळाडू वर बोलावला जातो. फोन दुपारी येतो, खेळाडू किटबॅग गाडीत टाकून निघतो आणि संध्याकाळच्या सामन्याला प्रशिक्षकाची एक फळी अर्धी राहते. ती भरायची कुठून? आणखी खालच्या लीगमधून, नाहीतर मार्चमध्ये विद्यापीठांचा हंगाम संपला की मोकळ्या झालेल्या खेळाडूंमधून. गोलरक्षक वर गेला तर कधी गावातल्या हौशी गोलरक्षकाला राखीव म्हणून बाकावर बसवावे लागते. प्रेक्षकाच्या बाजूने याचा अर्थ असा की डिसेंबरात ज्याच्या नावाचा जर्सी घेतला तो फेब्रुवारीत दिसेलच असे नाही. म्हणून या श्रेणीत लोकांचे प्रेम बहुधा दोघांवर बसते : वर्षानुवर्षे परत येणाऱ्या, वर जाण्याची फारशी आशा न उरलेल्या खेळाडूवर, आणि संघासाठी अंगावर घेणाऱ्या दणकट गड्यावर.

पैशाचे गणित साधे आहे आणि म्हणूनच कठोर. ७२ सामन्यांपैकी ३६ घरच्या रिंकवर. एकही खुर्ची रिकामी न ठेवता ४,००० आसनांच्या अरीनातून हंगामाला जास्तीत जास्त १,४४,००० तिकिटे निघतात. प्रत्यक्षात शुक्रवार-शनिवार भरतात, मंगळवार-बुधवार ओस पडतात. त्यामुळे वेळापत्रक शनिवार-रविवारभोवती गोळा होते आणि तीन दिवसांत तीन सामने खेळण्याची पाळी येते. त्यातला रविवारचा, रात्रभर बसमध्ये अवघडलेल्या पायांनी खेळलेला सामना बघवत नाही, आणि नेमका तोच पाहायला पोराबाळांची कुटुंबे आलेली असतात.

खर्चाची बाजू मात्र गाव लहान म्हणून लहान होत नाही. खेळाडूंच्या आठवड्याच्या पगारावर लीगची कमाल मर्यादा असते, पण राहण्याची सोय क्लबनेच करायची असते. शिवाय बस, हॉटेल, बर्फाचे भाडे, लीगची वर्गणी आणि कामगार-अपघात विमा. हा शेवटचा आकडा बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. मारामारी आणि धडका हाच ज्यांचा धंदा, त्यांचा विमा स्वस्त कसा असेल? २००० नंतर लाकडी स्टिकची जागा कॉम्पोझिट, म्हणजे कृत्रिम तंतूंच्या, स्टिकने घेतली. एकेक शंभर डॉलरच्या वर आणि एका फटक्यात दुभंगणारी. सामान सांभाळणारा मॅनेजर मोडक्या स्टिकांचा हिशेब ठेवतो तो उगाच नाही. या श्रेणीतले बहुतेक क्लब क्रीडागृहात भाडेकरू असतात. करारात खाद्यपेयांचा आणि पार्किंगचा वाटा कोणाकडे, यावर संघ तरतो की बुडतो हे बरेचसे ठरते.

तिकिटाबाहेरचे उत्पन्न प्रेक्षकांच्या हातातूनच येते. मध्यंतरात ‘चक-अ-पक’ : क्रमांक घातलेले फोमचे पक (आइस हॉकीत चेंडूऐवजी असणारी चकती) विकायचे, लोकांनी ते आसनावरून बर्फावर फेकायचे, मध्यभागीच्या खुणेजवळ ज्याचा पडेल त्याला बक्षीस. बर्फ साफ करणारे यंत्र फिरायच्या आत स्वयंसेवकांनी सारे पक गोळा करायला हवेत, नाहीतर पुढचा डाव लांबतो. दुसरा प्रकार ‘फिफ्टी-फिफ्टी’ सोडत, निम्मी रक्कम विजेत्याला आणि निम्मी धर्मादाय कामाला. तिसरा, सामन्यात अंगावर घातलेल्या जर्सींचा लिलाव. ख्रिसमसच्या सुमारास यजमान संघाचा पहिला गोल होताच लोक टेडी बेअर बर्फावर फेकतात आणि ते मुलांच्या संस्थांना जातात. बूस्टर क्लब ही समर्थकांची मंडळी परगावच्या सामन्यांना बस काढते आणि नव्या खेळाडूंच्या घरात भांडीकुंडी पुरवते.

सगळ्यात मोठी चूक होते ती फुकट पासांची. खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून शाळा-दुकानांतून पास वाटले जातात. जाहीर होणारी उपस्थिती बहुधा वाटलेल्या तिकिटांची असते, दारातून आत आलेल्या माणसांची नव्हे. एखाददुसऱ्या हंगामात लोकांना कळते की थांबले की पास मिळतो. मग विकतचे तिकीट थंडावते, आणि पूर्ण हंगामाचे पैसे आधी भरणाऱ्याला शेजारी फुकट बसलेला बघून आपण मूर्ख ठरल्यासारखे वाटते. पुढच्या वर्षी तो नूतनीकरण करत नाही. संघ हरत असताना ही गळती वेगाने होते.

चीफ्स गेला तेव्हा ‘लोकांनी पाठ फिरवली’ असे म्हणणे सोपे होते, पण ते अर्धेच खरे. अरीना उघडला त्या १९५० साली शहराची लोकसंख्या सुमारे ६३,००० होती. संघ गेला त्या २०१० साली ती सुमारे २१,००० उरली होती. बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीने १९९२ पर्यंत तिथला गाशा गुंडाळला होता. पाळी सुटल्यावर सामन्याला येणारा कामगार, दुकानाच्या नावाने जाहिरातीची पाटी लावणारा व्यापारी, दोघेही कमी झाले. डोक्यामागे हिशेब केला तर जॉन्सटाउनइतकी तिकिटे घेणारी गावे या लीगमध्ये फार नसतील. उलट लीग मात्र मोठी होत गेली. १९८८ च्या पाच संघांवरून २००३-०४ मध्ये ३१, त्यांतले काही पार कॅलिफोर्निया आणि अलास्कात. मूळ पाचांपैकी त्याच गावी त्याच नावाने टिकलेला शेवटचा संघ चीफ्सच होता. मालकांपैकी एक, न्यूयॉर्क रेंजर्सचे माजी सरव्यवस्थापक नील स्मिथ, यांच्या काळात तो ग्रीनव्हिलला गेला. तिथल्या क्रीडागृहात हॉकीसाठी १३,००० हून अधिक आसने आहेत. नव्या ठिकाणी संघ रोड वॉरियर्स झाला आणि २०१५ पासून स्वॉम्प रॅबिट्स. चीफ्स हे नाव त्याच्याबरोबर गेले नाही.

प्रेक्षक अरीनाशी बांधलेले होते, लीगच्या परवान्याशी नव्हे, हे पुढे दिसले. व्हीलिंग नेलर्स या शेजारच्या ईसीएचएल संघाने आपले काही घरचे सामने जॉन्सटाउनमध्ये खेळून पाहिले, पण उसना संघ गावाला आपला वाटला नाही. २०१२ मध्ये अलास्काहून नॉर्थ अमेरिकन हॉकी लीगचा एक कनिष्ठ संघ आला आणि टॉमहॉक्स झाला. २०१५ मध्ये हॉकीप्रेमी गाव निवडणारी अमेरिकेतली पहिली ‘क्राफ्ट हॉकीव्हिल’ स्पर्धा लोकांच्या मतांवर जॉन्सटाउनने जिंकली. अरीनाच्या दुरुस्तीला १,५०,००० डॉलर मिळाले आणि सप्टेंबरात पिट्सबर्ग पेंग्विन्स व टॅम्पा बे लाइटनिंग या नॅशनल हॉकी लीगमधल्या संघांचा हंगामपूर्व सामना तिथे झाला.

टॉमहॉक्सचे खेळाडू साधारण १६ ते २० वयाचे. त्यांना पगार नसतो आणि ते गावातल्या यजमान कुटुंबांकडे राहतात. चीफ्सच्या ताळेबंदातली पगार आणि घरभाडे ही दोन मोठी कलमे त्यामुळे आपोआप वगळली जातात, आणि त्याच ४,००० आसनांवर हंगाम भागवता येतो.