दोन तारे कशासाठी? कच्चं पुस्तक आणि मोडलेली अपेक्षा

शेंगाचटणी तिखट लागली ही तक्रार वेगळी आणि खवट लागली ही वेगळी, हे सोलापूरकराला समजावून सांगायला नको. पहिलीत खाणाऱ्याची सवय बोलते, दुसरीत जुने दाणे. चेटकीण नायिका असलेल्या यंग अ‍ॅडल्ट प्रेम-फँटसीवरचे, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या जादुई प्रेमकथांवरचे, वाचकांचे ऑनलाइन अभिप्राय चाळताना मात्र या दोन तक्रारी सर्रास एकच धरल्या जातात. दोन्हींच्या डोक्यावर पाचपैकी दोनच तारे, आणि बऱ्याचदा वाक्यही तेच.

“प्रेम फार लवकर जमलं” हे वाक्य घ्या. मलपृष्ठावरच ‘नियतीने बांधलेले दोघं’ असं लिहिलं असेल, तर ओढ पहिल्या भेटीतच लागणार. तो या प्रकारातला ठरलेला करार आहे. ज्याला सावकाश फुलणारं प्रेम, म्हणजे स्लो बर्न हवं होतं, त्याचा इथे अपेक्षाभंग झाला, एवढंच. पण नायिका चेटकीण, नायक चेटकिणींना पकडणारा शिकारी, त्याच्या टोळीने तिची माणसं मारलेली, आणि तरी एका पावसाळी रात्री एकाच गुहेत अडकले म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं माफ? हा कच्चेपणा. वैर जेवढं खरं, तेवढी ते सोडण्याची किंमत दिसायला हवी: कुणाला तरी काहीतरी गमवावं लागतं, निदान एकदा तरी चुकीची बाजू घ्यावी लागते. उलट एका सरळ बोलण्याने मिटेल असा गैरसमज तीनशे पानं ताणला असेल, तर “किती सावकाश, किती सुंदर” म्हणणाऱ्या पाच ताऱ्यांवरही लगेच विश्वास ठेवू नये.

जादूबद्दलची तक्रार याहून फसवी. “जादूचे नियम कळलेच नाहीत” असं लिहिणारा वाचक बहुतेक वेळा नियमबद्ध फँटसीवर वाढलेला असतो. जादू किती वापरली की किती थकवा येतो, याचा हिशोब त्याला लागतो. धूसर, लोककथेसारखी जादू हा दोष नव्हे. ब्रँडन सँडरसन या फँटसी लेखकाचा एक नियम इथे कामाला येतो: वाचकाला जादू जितकी समजली असेल, तितकीच ती लेखकाने पेच सोडवायला वापरावी. धूसर जादू वातावरणापुरती राहिली आणि शेवटचा तिढा नायिकेच्या निर्णयाने सुटला, तर पुस्तक आपल्या जागी बरोबर. पण ऐनवेळी तिच्या रक्तात आधी कधी न सांगितलेली शक्ती जागी झाली आणि शत्रूची सेना राख झाली, तर तक्रार खरी. अभिप्रायात “अचानक” हा शब्द आला की थांबून पाहावं. तो शेवटच्या लढाईबद्दल असेल, तर वजनदार.

सोलापूर, मराठवाडा आणि कर्नाटकाच्या सीमेवर भानामतीच्या गोष्टी ऐकलेल्या वाचकाची एक वेगळीच पंचाईत होते. चेटूक म्हटलं की भीती, संशय, कुणावर तरी घेतलेला आळ आणि 2013चा जादूटोणाविरोधी कायदा डोळ्यांसमोर येतो. या कादंबऱ्यांतली चेटकीण मात्र बहुधा जन्मजात शक्ती असलेली, सत्तेपासून लपणारी मुलगी असते. “जराही भीती वाटली नाही” हा अभिप्राय म्हणूनच पुस्तकाबद्दल फारसं सांगत नाही. ते भयकथा म्हणून लिहिलेलंच नसतं. शिकारी आणि चेटकीण ही जोडी युरोप-अमेरिकेतल्या खटल्यांवरून आलेली. त्या इतिहासाच्या चुका काढणाऱ्यांनाही तपासून घ्यावं. 1692मध्ये अमेरिकेतल्या सेलममध्ये 19 जणांना फाशी दिली, जाळलं कुणालाच नाही. पण जर्मन प्रदेशांत जाळण्याची शिक्षा सर्रास होती. कथा कुठे घडते, यावर चूक ठरते.

“नायिका बालिश आहे.” अहो, ती सतरा वर्षांची आहे. यंग अ‍ॅडल्ट हा विभागच साधारण 12 ते 18 वयासाठी. पण पहिल्या प्रकरणात ‘राज्यातली सर्वांत धूर्त चेटकीण’ म्हणून ओळख करून दिलेली मुलगी पुढे प्रत्येक सापळ्यात आपणहून पाय टाकत असेल, तर सांगितलेलं आणि दाखवलेलं जुळत नाही, आणि तो दोष लेखकाचाच.

शेवटाबद्दल थोडक्यात. प्रेमकथेच्या वाचकाला शेवटी दोघं एकत्र हवेत, फँटसीच्या वाचकाला मालिकेतला पहिला भाग अधांतरी संपला तरी चालतं. दोघंही हेच पुस्तक उचलतात. म्हणून “अर्धवट” हा शेरा दिसला की आधी हा भाग पहिला आहे का ते पाहावं. पहिल्या भागाने स्वतः उभा केलेला एखादा तरी प्रश्न मिटवला असेल, तर शेरा सोडून द्यावा.

ताऱ्यांचं माप सगळीकडे एक नाही, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. गुडरीड्स या वाचकांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर तीन तारे म्हणजे ‘आवडलं’, दोन म्हणजे ‘ठीक’. अ‍ॅमेझॉनवर तीन ताऱ्यांचे अभिप्राय टीकेच्या गटात जातात. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर पाव ताराही देता येतो, शिवाय कथा घटनांवर चालते की पात्रांवर, असे प्रश्न वेगळे विचारलेले असतात. अपेक्षा जुळवायला ते सरासरीपेक्षा जास्त कामाचे. वाचायला सुरुवात तीन ताऱ्यांपासून करावी. पाचवाले भारावलेले असतात, एकवाले चिडलेले. मधले कारण देतात. प्रकाशनाआधीच पडलेले अभिप्राय दोन प्रकारचे: प्रकाशकाकडून आगाऊ प्रत मिळालेल्यांचे, आणि पुस्तक न वाचताच वादापोटी दिलेले. पहिल्या प्रकारात प्रत फुकट मिळाल्याचं बहुधा लिहिलेलं असतं.

सोलापुरात नव्या पेठेतल्या गल्ल्या फिरूनही हवी ती इंग्रजी कादंबरी चाळायला मिळेलच असं नाही, मग मागवायची ती ऑनलाइनच. त्याआधी किंडल या ई-पुस्तकांच्या सेवेवरचा फुकट नमुना वाचावा, साधारण पहिले दहा टक्के. निवेदनाचा सूर, नायिकेचं वय, वर्तमानकाळातली प्रथमपुरुषी भाषा खटकते की नाही, हे त्यात कळतं. मधला भाग रेंगाळतो का, हे कळत नाही. त्यासाठी पुस्तक अर्ध्यात सोडलेल्यांचे, म्हणजे डीएनएफ शेरे शोधावेत आणि त्यांनी कितव्या टक्क्याला सोडलं ते पाहावं. वेगवेगळ्या आवडीच्या वाचकांनी चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपासच हात टेकले असतील, तर तिथे खरंच काहीतरी सैल आहे. शेवटाबद्दल मात्र त्यांचं ऐकू नये. तिथवर ते पोचलेलेच नसतात.